ओव्हर तुम्ही घेऊ नका

पत्र

नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये मेडिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. तीस खाटांचा वॉर्ड, चौदा स्टाफ नर्स, त्यात तीन ब्रदर. एकेकाला बघाल तर नाव ठेवायला जागा नाही, पण एकमेकांशी कुणाचं जमत नाही. जीएनएमवाल्या (नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या) वेगळ्या डबा खातात, बीएस्सीवाल्या (नर्सिंगची डिग्री घेतलेल्या) वेगळ्या. ड्युटी लिस्ट लागली की दोन दिवस माझा फोन थांबत नाही. सकाळी नाइटची सिस्टर मला ओव्हर देते (म्हणजे ड्युटी संपताना पेशंटची माहिती सोपवते), मी मॉर्निंगवाल्यांना कामं वाटून देते, दुपारी पुन्हा तेच. मागच्या महिन्यात एका आजोबांच्या हाताला सलाइनच्या जागी सूज होती. नाइटच्या सिस्टरला माहीत होतं, सकाळच्या सिस्टरला नव्हतं. दुपारपर्यंत हात टम्म फुगला. विचारलं तर एक म्हणते, ‘तिने विचारलं नाही’, दुसरी म्हणते, ‘तिने सांगितलं नाही’. मॅनेजमेंटने सगळ्यांना रिसॉर्टवर नेऊन टीम बिल्डिंगचं शिबिर केलं. फुगे फोडले, डोळे बांधून चाललो, फोटो काढले. आठवड्यात सगळं पहिल्यासारखं. मेट्रनबाई म्हणतात, टीम तुमची आहे, तुम्हीच बघा. मी अजून कडक व्हायला हवं का? की सरळ ओपीडीत बदली मागू?

— एक इन्चार्ज सिस्टर

उत्तर

नमस्कार सिस्टर,

तुमच्या पत्रातलं खरं कामाचं वाक्य तक्रारींच्या गर्दीत दडलंय. ‘सकाळी नाइटची सिस्टर मला ओव्हर देते, मी मॉर्निंगवाल्यांना कामं वाटून देते.’ आजोबांच्या हाताची सूज हरवली ती इथे. नाइटच्या सिस्टरने तीस पेशंटचं तुम्हाला घाईघाईत वाचून दाखवलं असणार. त्यातलं जे तुमच्या लक्षात राहिलं, ते तुम्ही पुढे दिलं. जिने रात्री ती सूज पाहिली आणि जिने सकाळी त्याच हाताला अँटिबायोटिक लावलं, त्या दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलायची वेळच आली नाही. मध्ये तुम्ही होतात ना!

हे तुम्ही चांगुलपणानेच करत आलात, यात मला शंका नाही. पण त्याचा परिणाम असा झालाय की चौदा जणांचं तुमच्याशी नातं आहे आणि आपसात फारसं कुणाचंच नाही. नाइट बदलून हवी, तुम्हाला फोन. बीपी ॲपरेटसचा कफ सापडत नाही, तुम्हाला फोन. इव्हिनिंगवाल्यांनी इमर्जन्सी ट्रॉली भरली नाही, तरी फोन तुम्हालाच. तुम्ही कडक झालात तर हेच फोन जरा घाबरत घाबरत येतील, बाकी काही बदलणार नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं, की वॉर्डाला एकत्र बांधायचं काम तुम्ही अंगावर घेऊ नका. ते त्यांचं त्यांना करू द्या. आणि ‘आपलं आपण बघा’ असं नुसतं सांगून ते होत नाही. तुमच्या हातात असलेलं, ज्यावरून खरोखर भांडणं होतात असं काहीतरी त्यांच्या हातात द्यावं लागतं.

आधी एक सांगा, तुमच्या वॉर्डात भिशी चालते का? बहुतेक चालत असणार. बायकांचा स्टाफ आणि महिन्याचा पगार जिथे आहे, तिथे ती असतेच. त्या भिशीत जीएनएम आणि बीएस्सी असे दोन गट आहेत? कुणाच्या मुलाची फी भरायची आहे म्हणून तिला आधी उचल द्यायची, कुणी एका महिन्याचे पैसे थकवले तर काय करायचं, नवीन आलेल्या मुलीला घ्यायचं की नाही, हे सगळं ठरतं आणि तुमच्यापर्यंत कधी येत नाही. पैशांचा व्यवहार आहे, भांडायला भरपूर जागा आहे, तरी निभतं. कारण नियम त्यांनी केलेत, ते मोडले तर नुकसान त्यांचंच आहे आणि तक्रार घेऊन जायला वरती कुणी नाही. ‘यांचं एकमेकांशी जमतच नाही’ हे तुमचं निदान त्यामुळे मला पटत नाही. जिथे तुम्ही मध्ये नाही, तिथे त्यांचं जमतंय.

रिसॉर्टच्या शिबिराचं मला नवल वाटलं नाही. डोळे बांधून सहकाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चालताना प्रश्न एवढाच असतो, की हा मला खड्ड्यात पाडेल का. असं सहसा कुणी कुणाला पाडत नाही. वॉर्डातला प्रश्न वेगळा असतो: माझ्या मुलाचा ताप उतरला नाही तर आजची नाइट ही घेईल का? आणि घेतली तर नंतर चार जणींत बोलून दाखवेल का? त्या प्रश्नाला फुगे फोडून हात लागत नाही. ट्रेनर संध्याकाळी गाडीत बसून गेला आणि ड्युटी लिस्ट तुमच्या ड्रॉवरमध्येच राहिली. (त्या शिबिराच्या खर्चात वॉर्डाला दोन चांगली बीपी ॲपरेटस आली असती, पण तो विषय मेट्रनबाईंपुढे आत्ताच काढू नका.)

माणसांच्या हातात काम सोपवलं की काय होतं, याचा एक जुना दाखला आपल्या शेजारचाच आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वयंचलित साचे, म्हणजे कापड विणायचे माग, आले. मालकांची अपेक्षा होती की उत्पादन वाढेल. ते वाढलं नाही, आणि सदोष कापडही कमी होईना. लंडनच्या टॅविस्टॉक इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये तिथे आले. साळखात्यात (विणकाम विभागात) त्यांना दिसलं ते असं: २२४ साचे, २९ कामगार आणि त्यांच्यात बारा तऱ्हेची कामं वाटलेली. एकाने धागा तुटला तर जोडायचा, दुसऱ्याने बॉबिन भरायच्या, तिसऱ्याने तेल घालायचं, चौथ्याने कापड उतरवायचं. प्रत्येकाच्या वाट्याला साचेही वेगवेगळ्या संख्येने. त्यामुळे एखाद्या साच्यावर गडबड झाली तर तो साचा नेमका कुणाचा, याला उत्तर नव्हतं. प्रत्येक जण आपलं काम करत होता आणि उरलेलं सगळं जॉबर (मुकादम) आणि सुपरवायझरच्या डोक्यावर. तुमच्या आजोबांच्या हातासारखंच.

राइस यांनी सुचवलं की ठरावीक साचे एका छोट्या गटाकडे द्यावेत आणि त्या साच्यांचं सगळं काम गटाने मिळून बघावं. पुढे जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कल्पना कानावर पडताच कामगारांनी आणि सुपरवायझरांनी ती उचलली, आपली करून टाकली. कुणाच्या गटात कोण, हे त्यांनी आपसात ठरवलं. वरून यादी आली नाही. गट स्थिरावल्यावर कार्यक्षमता सरासरी ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांच्या आसपास गेली आणि सदोष कापडाचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० वर आलं. माणसं तीच होती आणि साचेही तेच.

पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धीच सांगितल्यासारखी होईल. त्याच संस्थेचे एरिक मिलर १९७० मध्ये पुन्हा कॅलिकोत गेले. तेव्हा एका ठिकाणी गटाची पद्धत बऱ्याच अंशी टिकलेली होती. बाकी ठिकाणी लोक हळूहळू पुन्हा जुन्या, ज्याचं त्याने बघायच्या वळणावर गेले होते. असं का होतं ते मी अनेक ऑफिसांत आणि कारखान्यांत पाहिलंय. बाहेरून दाब वाढला की वरचा माणूस अस्वस्थ होतो आणि ‘या वेळेपुरतं मीच बघतो’ म्हणत गटाच्या आत हात घालतो. मग त्याला दर वेळी तसंच करावं लागतं. तुमच्याकडे डेंग्यूचा सीझन आला, वॉर्ड भरून व्हरांड्यात खाटा लागल्या, की तुम्हालाही तो मोह होणार. तेव्हा तेवढं लक्षात ठेवा.

आता तुमच्या वॉर्डाकडे येऊ. सुरुवात ओव्हरपासून करा, कारण त्याला कुणाची परवानगी लागत नाही. टेबलाशी तुमच्यासमोर होणारी ओव्हर बंद करा. नाइटची सिस्टर आणि तेच पेशंट घेणारी मॉर्निंगची सिस्टर, दोघी खाटेपाशी जातील. चादर बाजूला करून सलाइनची जागा दोघी बघतील, ड्रेनची पिशवी बघतील, ‘आजोबा, रात्री झोप लागली का?’ असं पेशंटलाही विचारतील. तुम्ही दोन पावलं मागे राहा. पहिले काही दिवस देणारी सिस्टर सवयीने तुमच्याकडेच बघून बोलेल. तेव्हा तुम्ही केसपेपरमध्ये डोकं घाला किंवा पुढच्या खाटेवरच्या बाईंची विचारपूस करा, पण मान डोलावू नका. तुम्ही मान डोलावलीत की ओव्हर पुन्हा तुमच्याकडे आली. एसबीएआरचा (परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, शिफारस या क्रमाने ओव्हर द्यायचा) फॉर्म तुमच्याकडे नॅबच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जा-मान्यतेच्या, फायलीत असेलच. तो वापरायचा तर खुशाल वापरा, पण त्यात आपल्या वॉर्डासाठी काय हवं नि काय नको, ते त्यांना ठरवू द्या. मेडिकल वॉर्डात शुगर आणि इन्सुलिनला वेगळी ओळ हवी, हे त्यांना तुमच्याआधी सुचेल.

कामाच्या वाटपाचंही तसंच. शिफ्टला तीन-चार जणी असतील तर खाटा त्यांनीच वाटून घ्याव्यात. अवघड पेशंट कोणते आणि ते सगळे एकीच्याच गळ्यात पडू नयेत, हे त्यांना कळतं.

ड्युटी लिस्ट मात्र मोठी गोष्ट. ती द्यायची असेल तर नीट तयारीने द्या. अर्धवट दिलीत तर न दिलेली बरी.

पहिल्यांदा एका कागदावर तुमच्या अटी लिहा. कोणत्या शिफ्टला कमीत कमी किती जण हवेत. प्रत्येक नाइटला निदान एक तरी अनुभवी, दोन नवीन मुली एकट्या कधीच नाहीत. नाइट उतरलेल्या माणसाला त्याच दिवशी ड्युटी नाही. मंजूर झालेली रजा हलवायची नाही. हॉस्पिटलचे आणि कायद्याचे जे नियम असतील ते. बस, एवढंच. हा कागद एका पानाच्या वर गेला तर समजा की लिस्ट तुम्हाला द्यायचीच नाहीये. त्या अटींच्या आत बाकी सगळं त्यांचं: कुणाला कोणता ऑफ, नाइट सलग की तोडून, सणाच्या ड्युट्या कशा, अदलाबदल कशी करायची. शेवटची सही तुमची, पण सही करताना तुम्ही एकच गोष्ट बघायची, अटी पाळल्या गेल्यात की नाही. ‘हिला मंगळवार का दिला?’ हे विचारायचं नाही.

लिस्ट कुणी करायची? तीन जणांनी, आणि दर महिन्याला तीन जण बदलायचे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ‘सगळ्यात समजूतदार आहे तिच्याकडे देऊ’ असा विचार तुमच्या मनात येणार. तसं केलंत तर दुसरी इन्चार्ज तयार होईल आणि फोन तिला जातील. जिने स्वतः एकदा लिस्ट बसवायचा प्रयत्न केलाय, चौदा माणसांच्या चौदा अडचणी एका तक्त्यात कोंबून पाहिल्यात, ती पुढच्या महिन्यात लिस्ट बघून नाक मुरडताना जरा थांबते.

आणि हिशोब भिंतीवर लावा. या वर्षात कुणाच्या किती नाइट झाल्या, कुणी कोणता सण ड्युटीवर काढला, रविवार कुणाला किती मिळाले, हे सगळ्यांना दिसेल असं चार्टरूमच्या भिंतीवर. आज हा हिशोब फक्त तुमच्या डोक्यात आहे, म्हणून प्रत्येकीला वाटतं की अन्याय आपल्यावरच होतोय. दिवाळीचंच बघा. तुमच्या स्टाफमध्ये ख्रिश्चन मुली असतील, एखादी मुस्लिम असेल, एखादी केरळची असेल. नाताळला किंवा ईदला सुट्टी मिळणार असेल तर दिवाळीची नाइट आनंदाने घेणारं कुणीतरी निघतं. ही देवघेव तुमच्यामार्फत होते तेव्हा ती मेहेरबानी वाटते. आपसात ठरली की तो व्यवहार होतो, आणि व्यवहार लोक चोख पाळतात.

पहिली लिस्ट वाईट होणार. दुसरी थोडी कमी वाईट. पहिल्या महिन्यात कुणीतरी रडत तुमच्याकडे येईल आणि म्हणेल, ‘मॅडम, तुम्हीच करा हो लिस्ट, तुमचं बरं होतं.’ हा खरा परीक्षेचा क्षण, कारण ते ऐकून तुम्हाला आतून बरं वाटणार. तरीही लिस्ट परत घेऊ नका. ‘लिस्ट करणाऱ्या तिघींना हे सांगितलंस का? त्या काय म्हणाल्या?’ एवढंच विचारा. सांगितलं नसेल तर आधी त्यांच्याकडे पाठवा. सांगूनही सुटलं नसेल तर त्या तिघी आणि ही, अशा चौघींना दुपारी मॉर्निंग आणि इव्हिनिंगच्या मधल्या वेळात बसवा. तुम्ही बसा, पण तोडगा काढू नका. शांत बसणं तुम्हाला जड जाईल. इतकी वर्षं ज्या बाईने प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलंय, तिला ती दोन मिनिटं फार लांब वाटतात.

व्हॉट्सॲपवर रात्री अकराला येणाऱ्या खासगी तक्रारींनाही हेच उत्तर. पेशंटचं काही असेल तर लगेच फोन घ्या, दुसरीबद्दल काही असेल तर ‘उद्या तिच्याशी बोल’.

आपली आपण लिस्ट करणं हे काही नवं खूळ नाही. लंडनमधल्या नर्सेसनी १९६० च्या दशकात ते करून पाहिलंय. हॉलंडमध्ये तर योस द ब्लॉक या नर्सने २००६ मध्ये ब्यूर्तझोर्ग नावाची संस्था काढली. घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या नर्सेसचे जास्तीत जास्त बारा जणांचे गट, गटाला साहेब नाही, ड्युट्या, नवीन माणूस घेणं, कामाची वाटणी सगळं गटाचं गट ठरवतो. अनेक गटांमागे एक मार्गदर्शक असतो, पण त्याला हुकूम देण्याचा अधिकारच नाही. गट अडला तर तो प्रश्न विचारतो आणि दुसऱ्या गटाने काय केलं ते सांगतो. तुमचं पद तसं नाही, आणि तसं असल्याचं सोंगही करू नका. वॉर्डात औषधाचं कपाट आहे, मेडिकोलीगल केसेस आहेत, उद्या काही झालं तर उत्तर तुम्हालाच द्यायचंय. हॉलंडचं जसंच्या तसं उचलून इथे चालणार नाही. पण गट अडला की उत्तर देण्याऐवजी प्रश्न विचारायचा, ही त्यांची सवय घेण्यासारखी आहे, आणि तिला खर्च नाही.

काही गोष्टी मात्र गटाकडे अजिबात ढकलू नका. औषधाच्या चुकीने पेशंटला इजा झाली, कुणी सतत न सांगता गैरहजर राहतं, कुणी दारू पिऊन ड्युटीवर आलं, कुणी कुणाच्या जातीवरून किंवा बोलीवरून बोललं, किंवा एखाद्या डॉक्टरने वा सहकाऱ्याने मुलीशी गैरवर्तन केलं. हे तुमचं काम आहे आणि गैरवर्तनाच्या बाबतीत हॉस्पिटलच्या अंतर्गत समितीचं. ‘तुम्ही आपसात मिटवा’ हे वाक्य अशा वेळी भ्याडपणाचं असतं.

आता जीएनएम आणि बीएस्सी. हा तिढा तुमच्याच वॉर्डाचा नाही, जवळपास प्रत्येक हॉस्पिटलात आहे. एकीच्या हातात सराव असतो, दुसरीच्या हातात डिग्री, आणि पगाराच्या चिठ्ठीत दोन्हीची किंमत बरोबर लागलेली नसते. डबा एकत्र खा म्हणून सांगू नका. मोठ्या माणसांना डबा कुणाशेजारी बसून खायचा ते शिकवायला गेलात तर त्या हसतील. लिस्टच्या तिघींत दोन्हीकडच्या असतील एवढं बघा, आणि ओव्हरच्या जोड्या आपोआप मिसळतील.

जुन्या सीनियर सिस्टरचं काय, हे तुम्ही लिहिलं नाही, पण असेल कुणीतरी. जिला गेली काही वर्षं नाइट लागलीच नाही आणि का, ते सगळ्यांना माहीत आहे पण कुणी बोलत नाही. हिशोब भिंतीवर लागला की तिचं नाव रिकाम्या रकान्यासकट दिसणार. ते तिला चारचौघांत कळू देऊ नका. आधी एकटीला बोलवा, चहा मागवा आणि सरळ सांगा. तिचे गुडघे खरंच दुखत असतील, घरी अंथरुणावर पडलेल्या सासूबाई असतील. ते कारण तिने स्वतः बाकीच्यांना सांगितलं तर मुली समजून घेतात. सूट देण्याला त्यांचा विरोध नसतो, गुपचूप दिलेल्या सवलतीला असतो.

तुमच्या पत्रात चौदा नर्स आहेत. मावशी आणि मामा किती आहेत, ते तुम्ही लिहिलंच नाही. कोणत्या आजीने सकाळचा नाश्ता तसाच परत पाठवला, कोणते आजोबा बाथरूमला जाताना भिंतीला धरून चालतात, कुणाचे नातेवाईक दोन दिवस आले नाहीत, हे मावशींना नर्सेसच्या आधी ठाऊक असतं. ओव्हरच्या वेळी मावशी फरशी पुसत त्या खाटेपाशीच असते आणि तिला कुणी काही विचारत नाही. तिला विचारायला सुरुवात करा. पण एक सावधगिरी बाळगा. बऱ्याच ठिकाणी मावशी-मामा कंत्राटदाराकडून येतात आणि पगार उशिरा होतो. तुमच्याकडेही तसं असेल, तर ‘हा वॉर्ड आपला आहे’ असं त्यांना सांगण्याआधी त्यांच्या पगाराची तारीख मेट्रनबाईंकडे लावून धरा. ज्याचा पगार दहा तारखेलाही झालेला नाही, त्याच्याकडून आपलेपणा मागणं मला तरी शोभत नाही.

मेट्रनबाईंशी मात्र आधीच बोलून घ्या, आणि विशेषतः एका गोष्टीबद्दल. तुमच्या वॉर्डात चुकांची नोंद वाढणार आहे. हार्वर्डमध्ये संशोधन करणाऱ्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. त्यांची अपेक्षा होती की ज्या युनिटमधली माणसं एकजुटीने काम करतात, तिथे चुका कमी सापडतील. आकडे उलटे आले. चांगल्या युनिटमध्ये नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला, की त्या युनिटमध्ये नर्सेस चूक झाली तर ती बोलून दाखवत होत्या, आणि इतर ठिकाणी त्या लपवल्या जात होत्या. तुमच्याकडे ‘तिने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही’ चाललंय, म्हणजे तुमच्या वॉर्डातल्या कितीतरी चुका आज कागदावर येतच नसणार. नर्सेस खाटेपाशी एकमेकींशी बोलायला लागल्या की त्या वर येतील. ‘रात्री इन्सुलिन अर्धा तास उशिरा गेलं’, ‘हा सलाइनचा रेट चुकीचा लागला होता, मी आत्ता बदलला’. महिन्याच्या मीटिंगमध्ये तुमच्या वॉर्डाचा आकडा चढलेला दिसेल आणि शेजारच्या वॉर्डाचा शून्य. मेट्रनबाईंना हे आधी माहीत नसेल तर त्या तुम्हालाच झापतील, तुम्ही खाली झापाल, आणि पुन्हा सगळे गप्प. आजोबांच्या प्रकरणातसुद्धा त्या दोघींपैकी दोष कुणाचा, हे शोधत बसू नका. दोघींनाच विचारा, की पुन्हा असं होऊ नये म्हणून ओव्हरमध्ये काय बदलू या. त्या जे सांगतील ते उद्यापासून करा, तुम्हाला त्याहून बरं काही सुचलं असलं तरी.

आणखी एक गोष्ट मेट्रनबाईंच्या कानावर घाला. किती पेशंटमागे एक नर्स हवी आणि रजेसाठी किती माणसं राखीव हवीत, याचे भारतीय परिचर्या परिषदेचे निकष आहेत. तीस खाटांचा वॉर्ड तीन शिफ्टमध्ये चौदा जणांवर चालवायचा, त्यातच सगळ्यांचे ऑफ, रजा आणि बाळंतपणं. हे गणित मुळातच बसत नाही. लिस्ट तुम्ही करा, त्यांनी करा नाहीतर कॉम्प्युटरने करू द्या. मुली लिस्टवरून भांडतात त्यात बराचसा भाग या तुटीचा आहे, स्वभावाचा नाही. लिस्ट त्यांच्या हातात गेली की ही तूट त्यांनाही दिसेल आणि त्या तुमच्याकडे येऊन म्हणतील, ‘मॅडम, तीन माणसं कमी आहेत.’ तेव्हा तो कागद घेऊन वर जाणं हे तुमचं काम. ‘टीमवर्क वाढवा’ हे माणसं न भरण्याचं उत्तर म्हणून तुमच्या तोंडावर फेकलं जात असेल, तर ते मान्य करू नका. आणि लिस्ट करायला त्या तिघींना लागणारा वेळ ड्युटीतला धरा. घरी जाऊन फुकटात करायला लावलंत तर दुसऱ्या महिन्यात कुणी पुढे येणार नाही.

राहिला बदलीचा प्रश्न. ओपीडीत सकाळी आठला जाऊन दुपारी घरी यायचं सुख कुणाला नको? थकवा आला असेल, घरचं काही असेल तर जरूर मागा, त्यात लाज कसली. पण ‘माझी टीम जमत नाही’ या कारणासाठी आत्ता अर्ज देऊ नका. तुम्ही उद्या गेलात तर नवीन इन्चार्ज येईल आणि ती टेबलाशी बसून ओव्हर घ्यायला लागेल, तुमच्यासारखीच. आधी खाटेपाशी ओव्हर सुरू करा, ती रुळली की अटींचा कागद आणि पहिली लिस्ट. निदान तीन लिस्ट त्यांच्या हातून होऊ देत. त्यानंतर तुम्ही चार दिवस रजेवर जा, गावी जा, फोन घरच्यांपुरता ठेवा. परत आल्यावर वॉर्ड कसा चालला ते बघा आणि मग अर्जाचं ठरवा.

मेट्रनबाई काय म्हणाल्या ते कळवा. दिवाळीच्या ड्युट्या मुलींनी कशा बसवल्या, तेही लिहा. त्याची मला जास्त उत्सुकता आहे.